लाल बटणांची शेगडी घेण्याआधी सकाळचे दोन तास मोजा



शेगडीचा विषय व्हिडिओत पाच मिनिटांत उरकावा लागला. हिशेब बोलून दाखवला की डोक्यावरून जातो, कागदावर असला की कळतो. म्हणून आज तो सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा.

मागच्या महिन्यात बरबड्याकडच्या एक ताई दुकानात आल्या. मोबाईलमध्ये फोटो होता. सहा बर्नर, खाली ओव्हन, चकचकीत स्टील, समोर लाल बटणं. "दादा, मला असाच पाहिजे. नायगावात डबे चालू करायचेत." बचत गटाचं कर्ज मंजूर झालं होतं. मी विचारलं, "ताई, डबे किती ठरलेत?" त्या म्हणाल्या, "अजून नाही ठरले. आधी किचन तयार करते, मग लोकं येतील."

मी त्यांना पाणी दिलं आणि माझीच एक चूक सांगितली. ती तुम्हालाही सांगतो.

माझ्या हातून झालेली चूक

दुकान नवीन होतं तेव्हा मी एका काकूंना तीन बर्नरची मोठी हॉटेलवाली शेगडी विकली. अठ्ठावीस हजारांची. मी एकच प्रश्न विचारला होता, "बजेट किती?" त्यांच्या घरी टाकी कोणती, स्वयंपाकघर केवढं, रोज शिजतं किती, काही विचारलं नाही. आठ दिवसांत फोन आला, "भाऊ, आच लागतच नाही." जाऊन बघितलं तर घरची लाल टाकी, घरचा रेग्युलेटर आणि त्याला जोडलेली जास्त दाबावर चालणारी शेगडी. आच मेणबत्तीसारखी. त्यात ओट्यावर शेगडी मावली नाही म्हणून ती दाराच्या वाटेत ठेवलेली. दोन महिन्यांनी डबे बंद पडले. शेगडी मी परत घेतली, पण काकूंचे सात हजार बुडाले ते बुडालेच. त्यांचा हप्ता मात्र चालू राहिला. तेव्हापासून दुकानात शेगडी दाखवायच्या आधी मी वही काढतो.

पहिला हिशेब : हात किती, तवे किती

समजा २० डबे आहेत. एका डब्यात तीन पोळ्या, म्हणजे ६० पोळ्या. लाटणारी आणि भाजणारी बाई एकच असेल तर मिनिटाला एक पोळी धरा. झाला एक तास. भाजीला ४० मिनिटं, वरणाला ३०, भाताला ३०. सगळी मिळून १६० मिनिटांची आच. दोन बर्नरवर हे काम दीड तासाच्या आत बसतं. म्हणजे डबे दहाला निघायचे असतील तर आठला सुरुवात केली तरी अर्धा तास हातात राहतो.

आता यात अडतंय कुठे? आचेपाशी नाही, लाटणाऱ्या हातापाशी अडतंय. सहा बर्नर घेतले तरी पोळ्या मिनिटाला एकच होणार. तोच पैसा सकाळी दोन तास लाटायला येणाऱ्या मावशींच्या पगाराला ठेवला, तर डबे २० चे ३५ होऊ शकतात. बीबीएला आम्हाला याला 'बॉटलनेक' म्हणून शिकवलं. आपल्या भाषेत सांगायचं तर बाटलीचं तोंड जेवढं, तेवढंच पाणी बाहेर येणार.

डबे ५० च्या वर गेले, किंवा लग्न-बारशाच्या ऑर्डरी यायला लागल्या, की मात्र आच अडते. तेव्हा मोठ्या बर्नरचा विचार करायचा.

दुसरा हिशेब : आच किती आणि गॅस किती

बर्नरची ताकद किलोवॅटमध्ये मोजतात. परदेशी रेंजवर बीटीयू लिहिलेलं असतं. त्या आकड्याला ३,४०० ने भागलं की किलोवॅट मिळतात. १५,००० बीटीयूचा बर्नर म्हणजे साधारण ४.४ किलोवॅट. आपल्या घरच्या शेगडीचा मोठा बर्नर २ किलोवॅटच्या आसपास असतो.

एवढं एक वाक्य पाठ करा : १ किलोवॅटची आच तासाला सुमारे ८० ग्रॅम गॅस खाते. म्हणजे पूर्ण आचेवर २ किलोवॅटचा बर्नर तासाला १६० ग्रॅम खातो, ५ किलोवॅटचा ४०० ग्रॅम आणि १० किलोवॅटची भट्टी ८०० ग्रॅम. १९ किलोची टाकी त्या भट्टीवर २४ तासांत संपते.

मोठ्या आचेचा फायदाही बघा. १० लिटर पाणी उकळायला २ किलोवॅटला ४० मिनिटं लागतात, ५ किलोवॅटला २० मिनिटं. ५० लिटरचं पातेलं घरच्या शेगडीवर ठेवलं तर उकळी यायला तीन तासांच्या वर जातील. तिथे भट्टीच पाहिजे.

पण पोळीच्या तव्याला आणि मंद शिजणाऱ्या वरणाला एवढी आच लागत नाही. मोठ्या बर्नरची आच एका मर्यादेखाली कमी होत नाही, ती तव्याच्या बाहेरून निघून जाते आणि फक्त खोली तापवते. हिशेब सोपा जावा म्हणून गॅस किलोला १०० रुपये धरू. वरच्या २० डब्यांना लहान बर्नरवर साधारण तीन तासांची आच, म्हणजे ४८० ग्रॅम, ४८ रुपये. डब्यामागे अडीच रुपयांच्या आत. तेच सगळं ५ किलोवॅटवर केलं आणि काम लवकर उरकतं म्हणून अडीच तास धरले, तरी एक किलो जातो, १०० रुपये. डब्यामागे पाच रुपये. रोजचे ५२ जास्त, २६ दिवसांचे १,३५२ रुपये. हा पैसा तुमच्या नफ्यातून जातो आणि कोणाला दिसतही नाही.

तिसरा हिशेब : टाकी कोणती

हे लई जण लपवतात, म्हणून स्पष्ट लिहितो. १४.२ किलोची घरगुती टाकी धंद्याला वापरायची नाही. २००० सालच्या एलपीजी पुरवठा आदेशाप्रमाणे तो गुन्हा आहे. धंद्यासाठी १९ किलोची व्यावसायिक टाकी घ्यायची. घरगुती गॅसवर जीएसटी ५ टक्के आहे आणि व्यावसायिक गॅसवर १८. व्यावसायिक टाकीचा भाव सहसा दर महिन्याच्या १ तारखेला बदलतो. त्यामुळे डब्याचा दर ठरवताना आजच्या भावावर दोनशे रुपये जास्त धरूनच ठरवा.

रेग्युलेटरचंही तसंच. घरगुती शेगडी कमी दाबावर चालते, भट्टी बहुतेक वेळा जास्त दाबावर. घरच्या शेगडीला जास्त दाबाचा रेग्युलेटर लावणं म्हणजे जिवाशी खेळ. एजन्सीच्या माणसाकडूनच जोडून घ्या. एका टाकीतून फार जोरात गॅस ओढला की टाकी गार पडते, बाहेरून पाणी सुटतं आणि आच उतरते. थंडीत पहाटे हे हमखास होतं. टाकी संपली असं समजून कोणी तिला गरम पाण्यात ठेवू नका, आडवी करू नका.

शेगडी हातात घेऊन काय बघायचं

घरगुती प्रकारातली घेत असाल तर आयएसआय चिन्ह आणि आयएस ४२४६ हा क्रमांक बघा. या मानकात किमान ६८ टक्के उष्णता भांड्याला मिळालीच पाहिजे अशी अट आहे.

काचेची शेगडी दिसायला छान, पण १५ लिटरचं भरलेलं पातेलं तिच्यावर रोज आदळायचं नाही. धंद्याला स्टीलची बॉडी आणि बिडाची जड जाळी घ्या.

येताना घरचा तवा सोबत आणा. आच मधोमध एकाच ठिकाणी लागत असेल तर भाकरी मध्ये करपते आणि कडेला कच्ची राहते. भाकरी-धपाट्यांचा धंदा असेल तर पसरट आचेचा बर्नर पाहिजे, आणि भाकरी आचेवर फुगवायला जाळीवर जागा पाहिजे.

उंची मोजा. ओट्यावर शेगडी, तिच्यावर उंच पातेलं, म्हणजे ढवळणारा हात खांद्याच्या वर जातो. मोठं भांडं गुडघ्याएवढ्या बुटक्या भट्टीवरच ठेवा. उकळतं पातेलं छातीपासून खाली उतरवताना भाजलेली माणसं मी बघितलीत.

ओव्हन खरंच लागतो का? डब्याला लागत नाही. केक-नानकटाई करायची असेल तर ओव्हन वेगळा घ्या. एक बिघडलं तरी दुसरं चालू राहतं.

हैदराबादहून जुनी रेंज स्वस्तात आणायची असेल तर ती कोणत्या गॅसची आहे ते आधी विचारा. पाइपच्या नैसर्गिक गॅसच्या शेगडीचे जेट मोठ्या छिद्राचे असतात. त्यावर टाकीचा गॅस लावला की पिवळी, काजळी धरणारी, भडकलेली आच येते. जेट बदलल्याशिवाय पेटवू नका.

आणि हवा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून वर एक्झॉस्ट पंखा आणि खाली जमिनीजवळ हवा जायला वाट, दोन्ही पाहिजे. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४२-४३ अंश असतात, बंद खोलीत भट्टीपुढे उभं राहणाऱ्या बाईचा विचार करा. नळी सुरक्षा प्रकारची घ्या आणि पाच वर्षांनी बदला. गळतीचा वास आला तर दिव्याचं बटणसुद्धा दाबू नका, बाहेर या आणि १९०६ ला फोन करा.

आधी गिऱ्हाईक, मग भट्टी

मुंबईच्या गिरणगावात हजारो गिरणी कामगार खानावळवाल्या बायांकडे जेवायचे. चाळीतल्या छोट्या खोल्यांमधून या बाया माणसं जेवू घालायच्या. त्यांची अडचण शेगडीची नव्हतीच. कामगार पैसे द्यायचा महिन्याला आणि किराणा लागायचा रोज. मग वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि या बायांना राष्ट्रीयीकृत बँकांचं कर्ज मिळायला लागलं. त्यांच्याकडे गिऱ्हाईक आधीपासून होतं, कमी पडत होतं ते खेळतं भांडवल.

लातूर-नांदेडच्या क्लासेसमुळे आज आपल्याकडे मेसचा धंदा तसाच उभा आहे. पोरं महिन्याने पैसे देतात, तेल-डाळ आज आणावी लागते. सगळं कर्ज शेगडीत घातलं तर पहिल्याच महिन्यात किराणा उधार येतो. म्हणून माझा नियम : हातात असलेल्या पैशाच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त शेगडी-भांड्यात घालायचा नाही, आणि एक महिन्याचा किराणा बाजूला काढल्याशिवाय भट्टी घ्यायची नाही. एफएसएसएआयची नोंदणी मात्र पहिल्या दिवसापासून करा. छोट्या धंद्याला वर्षाला शंभर रुपये फी आहे.

त्या बरबड्याच्या ताईंनी त्या दिवशी काहीच घेतलं नाही. वही घेऊन गेल्या. पंधरा दिवसांनी परत आल्या तेव्हा वहीत अकरा नावं होती, बँकेतले चार, शाळेतले सात. दोन बर्नरची स्टीलची शेगडी, एक बुटकी सिंगल भट्टी आणि दोन तवे घेतले. बिल साडेनऊ हजार झालं. माझं त्यात कमी सुटलं, खरं आहे. फोटो अजून त्यांच्या मोबाईलमध्ये आहे. "शंभर डबे झाले की बघू दादा," म्हणाल्या.

तुम्हीही आज रात्री वहीत तीन ओळी लिहा : डबे किती, लाटणारे हात किती, सगळ्यात मोठं भांडं किती लिटरचं. ती वही घेऊनच दुकानात जा, मग दुकान माझं असो नाहीतर दुसऱ्याचं.