दादरचा बाजार आणि आपले स्फुरद



नत्र हवेत असते. कडधान्याच्या मुळांवरील गाठींतून ते जमिनीत परत येते. स्फुरदाचे तसे नाही. ते खडकातून सुटते, माती, पीक, जनावर असे फिरते आणि शेणखतातून पुन्हा रानात येते. शहरात हा फेरा तुटतो.

आपली भाजी, ज्वारी दादरच्या बाजारात जाते, परळ-लालबागला शिजते. तिथला मैला वर्षानुवर्षे वरळीहून सुमारे ३.४ किलोमीटर लांब बोगद्याने समुद्रात सोडला गेला. तळाशी बसलेले स्फुरद परत खडकातून वर यायला लाखो वर्षे लागतात. म्हणून तर फॉस्फेटचा बहुतेक खडक परदेशातून येतो आणि पोत्याचे पैसे आपण मोजतो.

साखरेचे निराळे. गिरगावच्या मिठाईत पडणाऱ्या साखरेत स्फुरद जवळजवळ नसतेच. रसाला चुना दिला, की ते गाळाबरोबर प्रेसमडमध्ये उतरते. म्हणजे तुमच्या रानातले स्फुरद कारखान्याच्या आवारातच असते! ते न्या. ताजे टाकू नका, कुजवून लागणीपूर्वी सरीत द्या. चुनखडीच्या रानात सुपर फॉस्फेट नुसते फेकले तर चुना ते धरून ठेवतो. कुजलेल्या प्रेसमडमध्ये मिसळून द्या. हल्ली प्रेसमडला गॅस प्रकल्पाचेही गिऱ्हाईक आहे. तिथे उरलेला गाळसुद्धा रानातच आला पाहिजे.

दर्यात गेले ते गेले. दारातले तरी सोडू नका.