पूर्वप्राथमिक वर्गातील पटमर्यादा व मानधन

पूर्वप्राथमिक वर्गातील पटमर्यादा व मानधन : तीन ते सहा वर्षे वयाची जास्तीत जास्त किती मुले एका प्रौढ व्यक्तीकडे सोपवावीत आणि ही संख्या ओलांडली गेल्यास किंवा वर्गाबाहेरची कामे वाढल्यास त्या व्यक्तीस कोणता जादा मोबदला द्यावा, यांविषयीचे नियम व संकेत. हे दोन प्रश्न वरवर वेगळे दिसत असले, तरी व्यवहारात ते एकमेकांत गुंतलेले आहेत. मर्यादा मोडल्याचा भार कोणावर तरी पडतो; तो शासनाच्या किंवा संस्थेच्या तिजोरीवर पडत नसेल, तर तो सेविकेवर व मुलांवर पडतो.

पटमर्यादेची कल्पना प्राचीन आहे. बॅबिलोनियन तालमूदमध्ये एका शिक्षकामागे २५ मुले, ४० झाल्यास मदतनीस आणि ५० झाल्यास दुसरा शिक्षक, असा दंडक आहे. मदतनिसाचा खर्च गावाने सोसावा, असेही तेथे म्हटले आहे. म्हणजे संख्या आणि खर्च यांची सांगड आरंभापासूनच घातलेली होती. आधुनिक काळात इंग्लंडमध्ये १९९८ च्या कायद्याने शिशुवर्गासाठी एका शिक्षकामागे ३० मुलांची मर्यादा घातली. न्यूयॉर्क शहराच्या सार्वजनिक शाळांत चार वर्षांच्या मुलांच्या वर्गात १८ मुलांमागे एक शिक्षक व एक सहायक असतो. अमेरिकेतील काही शालेय जिल्ह्यांच्या सेवाकरारांत मर्यादेपलीकडील प्रत्येक मुलामागे शिक्षकाला जादा रक्कम देण्याची तरतूद आढळते. अशा तरतुदीवर आक्षेप असा, की त्यामुळे गर्दीचा केवळ दर ठरतो, गर्दी कमी होत नाही. तो आक्षेप रास्त आहे. तथापि दर ठरल्यामुळे निदान गर्दीची नोंद होते व ती कोणाला तरी महाग पडते. १९८५–८९ या काळात टेनेसी राज्यात झालेल्या प्रयोगात बालवर्ग ते तिसरी या इयत्तांतील १३ ते १७ मुलांच्या वर्गांची तुलना २२ ते २५ मुलांच्या वर्गांशी करण्यात आली. लहान वर्गांतील मुलांची प्रगती अधिक आढळली आणि गरीब कुटुंबांतील मुलांना त्याचा लाभ विशेष झाला.

सर्वच बालशिक्षणतज्ञांनी लहान वर्गाचा आग्रह धरला असे मात्र नाही. मारिया माँटेसरी यांच्या रोममधील पहिल्या बालगृहात (१९०७) पन्नासाहून अधिक मुले होती. निरनिराळ्या वयांची मुले एकत्र असली, साधने नेमकी असली व जागा पुरेशी असली, तर मुले एकमेकांपासून शिकतात, अशी त्यांची धारणा होती. भावनगरला गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) यांच्यासमवेत काम केलेल्या ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी १९३६ मध्ये मुंबईत दादर येथे शिशुविहार सुरू केले. पुढे १९४५ मध्ये बोर्डी येथे व १९५७ पासून कोसबाड येथे अनुताई वाघ (१९१०–९२) यांच्या साहाय्याने त्यांनी जे प्रयोग केले, त्यांतून अंगणवाडीची कल्पना साकार झाली. मुले शाळेत येत नसतील, तर शाळा त्यांच्या अंगणात न्यावी, हे तिचे मूळ सूत्र. अंगणात भरणारा वर्ग स्वभावतःच लहान असतो. तेथे पटाची मर्यादा नियमाने नव्हे, तर अंगणाच्या आकाराने व पाड्यातील मुलांच्या संख्येने ठरते.

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांनिशी देशात सुरू झाली. महाराष्ट्रातील तिचे पहिले प्रकल्प मुंबईतील धारावी व अमरावती जिल्ह्यातील धारणी येथे होते. योजनेने अंगणवाडी हे नाव उचलले. परिमाण मात्र लोकसंख्येचे घेतले. आरंभी शहरी व ग्रामीण भागांत १,००० व आदिवासी भागांत ७०० लोकसंख्येमागे एक अंगणवाडी असा निकष होता. नंतर तो ४०० ते ८०० लोकसंख्येमागे एक असा बदलण्यात आला. या मापनपद्धतीचा अर्थ हिशेब मांडल्याशिवाय लक्षात येत नाही. जन्मप्रमाण दर हजारी १८ धरल्यास ८०० लोकांच्या वस्तीत वर्षाला सुमारे १४ मुले जन्मतात. तीन ते सहा या तीन वर्षांच्या वयोगटात ती चाळिशीच्या घरात जातात. तान्ही मुले, गरोदर व स्तनदा माता यांचा आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, गृहभेटी व नोंदवह्या यांचे काम यांखेरीज वेगळे असते. एका केंद्रास एक सेविका व एक मदतनीस एवढाच कर्मचारीवर्ग असून मदतनीस बहुधा स्वयंपाक, स्वच्छता व मुलांची ने-आण यांत गुंतलेली असते. यामुळे अनेकदा प्रत्यक्ष वर्गात एकच प्रौढ व्यक्ती उरते.

राष्ट्रीय बाल्यावस्थापूर्व संगोपन व शिक्षण धोरणाने (२०१३) तीन ते सहा वयोगटासाठी २० मुलांमागे एक प्रौढ, तीन वर्षांखालील मुलांसाठी १० मुलांमागे एक आणि ३० मुलांच्या गटास किमान ३५ चौ. मी. ची खोली, अशी मानके सांगितली आहेत. ही मानके धोरणातील आहेत, कायद्यातील नाहीत. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ याने ३० मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण पहिली ते पाचवीसाठी बंधनकारक केले. सहा वर्षांखालील मुलांसाठी शासन आवश्यक ती व्यवस्था करू शकते, एवढेच कलम ११ म्हणते. परिणामी सात वर्षांच्या मुलाला जे संरक्षण मिळते, ते चार वर्षांच्या मुलाला मिळत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन वर्षांपासूनचे वय शिक्षणाच्या पायाभूत टप्प्यात आणले. परंतु धोरणातील टप्पा म्हणजे कायद्यातील हक्क नव्हे.

दक्षिण मुंबईतील कफ परेडच्या मच्छीमार नगरासारख्या वस्तीत या निकषांची मर्यादा विशेषेकरून जाणवते. समुद्रात भर घालून उभारलेल्या उंच इमारतींच्या शेजारी ही कोळी वस्ती आहे. मासळी विकणाऱ्या स्त्रियांचा दिवस ससून गोदीवरील लिलावापासून, म्हणजे उजाडण्यापूर्वीच सुरू होतो आणि बाजार उठेपर्यंत संपत नाही. चार तासांची अंगणवाडी अशा आईच्या कामाच्या वेळेशी जुळत नाही. मूल आजीकडे किंवा मोठ्या बहिणीकडे राहते. पावसाळ्यातील मासेमारी बंदीच्या काळात घरचे वेळापत्रक पालटते व हजेरीचे मानही बदलू शकते. येथे अंगण नाही, ३५ चौ. मी. म्हणजे जवळजवळ ३७५ चौ. फुटांची खोली. शहराच्या दाट वस्त्यांत एका कुटुंबाचे घर अनेकदा याच्या निम्म्याहूनही लहान असते. महानगरातील अंगणवाडीच्या भाड्यासाठी केंद्र शासनाने दरमहा ६,००० रु. ठरवले होते. या रकमेत कफ परेड परिसरात अशी जागा मिळणे दुरापास्त होय. अशा ठिकाणी पटाची खरी मर्यादा सेविकेच्या संख्येने नव्हे, तर भिंतींनी ठरते. आणि भिंतींत न मावणारी मुले केवळ पटावर राहतात.

मोबदल्याचा प्रश्न 'मानधन' या शब्दाभोवती फिरतो. सेविका ही गावातील स्वयंस्फूर्त कार्यकर्ती असून तिला वेतन नव्हे, तर मानधन द्यावयाचे, ही योजनेची मूळ भूमिका. १९७५ मध्ये शालान्त परीक्षा उत्तीर्ण सेविकेस दरमहा १५० रु., इतरांस १०० रु. व मदतनिसास ३५ रु. मिळत. केंद्र शासनाने सेविकेचे मानधन २०११ मध्ये ३,००० रु. आणि १ ऑक्टोबर २०१८ पासून ४,५०० रु. केले, मदतनिसास त्या वेळी २,२५० रु. ठरले. राज्ये त्यात आपली भर घालतात. महाराष्ट्रात सप्टेंबर–ऑक्टोबर २०१७ मधील संपानंतर सेविकेचे एकूण मानधन ५,००० वरून ६,५०० रु. झाले. मार्च २०१८ मध्ये राज्य शासनाने अंगणवाडी कर्मचाऱ्यांना अत्यावश्यक सेवा परिरक्षण कायदा लागू केला आणि विधिमंडळातील विरोधानंतर त्यास स्थगिती दिली. संप करताना अत्यावश्यक आणि पैसे देताना स्वयंसेवी, ही विसंगती त्या वेळी उघडी पडली. २०२३ च्या फेब्रुवारीतील संपानंतर मानधन ८,३२५ वरून १०,००० रु. व मदतनिसाचे ४,४२५ वरून ५,५०० रु. झाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून जानेवारी २०२४ पर्यंत पुन्हा प्रदीर्घ संप झाला.

या सर्व वाढींत एक बाब सारखीच आहे : मानधन केंद्रागणिक ठरते, मुलांगणिक नाही. पटावर १८ मुले असोत वा ४५, रक्कम तीच. २०१८ मध्ये केंद्राने सेविकेस दरमहा ५०० रु. व मदतनिसास २५० रु. असा प्रोत्साहनभत्ता सुरू केला; परंतु तो कामगिरीच्या निकषांशी जोडलेला आहे, वर्गातील गर्दीशी नाही. शेजारच्या केंद्रातील सेविकेचे पद रिक्त राहिले, की तेथील कार्यभारही हिच्याकडे येतो आणि दोन वर्ग एकाच दिवशी सांभाळावे लागतात. मग गाणी, गोष्टी, मातीकाम यांना फाटा मिळून खाऊवाटप व नोंदी तेवढ्या उरतात, कारण तपासणी त्यांचीच होते.

न्यायालयांनी या कर्मचाऱ्यांच्या दर्जाविषयी दोन निरनिराळ्या अंगांनी विचार केला आहे. कर्नाटक राज्य विरुद्ध अमीरबी (२००६) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका नागरी पद धारण करीत नाहीत, असा निर्णय दिला. ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने (२०१३) योजनाकर्मींना कामगार मानून किमान वेतन देण्याची शिफारस केली. २५ एप्रिल २०२२ रोजी मणिबेन मगनभाई भारिया यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सेविका व मदतनीस यांना उपदान अधिनियम, १९७२ लागू असल्याचे ठरवले. अंगणवाडीचे काम अन्नसुरक्षा अधिनियमानुसार वैधानिक स्वरूपाचे झाले असून तेथील पूर्वप्राथमिक वर्ग हे शैक्षणिक कार्य आहे, असे न्यायालयाने नमूद केले. उपदानाचा हक्क मिळाला, तरी वर्गातील मुलांच्या कमाल संख्येचा विषय त्या निर्णयाच्या कक्षेत नव्हता.

महाराष्ट्रात सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्या असून त्यांतील सुमारे १३ हजार मिनी अंगणवाड्यांचे पूर्ण अंगणवाड्यांत रूपांतर करण्याचा निर्णय राज्याने घेतला. मिनी अंगणवाडीत मदतनीस नसते. एकच स्त्री स्वयंपाक, स्वच्छता व वर्ग सांभाळते. तेथे दुसऱ्या प्रौढ व्यक्तीची नेमणूक झाली, की पटावरील एकही मूल कमी न करता प्रौढ व मुले यांचे प्रमाण निम्म्यावर येते.