पंधरा अक्षरांचा कॉलम

जालना जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात इंटरनेटच्या जुन्या पत्त्यांचं, म्हणजे आयपीव्ही ४ चं मानक प्रसिद्ध झालं. दोघे एका वयाचे. जुन्या पत्त्यात चार आकडे असतात, नव्या आयपीव्ही ६ मध्ये आठ गट. जालन्यात तालुकेही आठच, तेव्हा जालनेकरांना हे पाठ करायला नको! जुने पत्ते सगळे मिळून ४२९ कोटींच्या आसपास. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपले.

"ते मुंबई-पुण्याच्या कंपन्यांचं, आपल्याला काय करायचंय?" असं मोंढ्यातल्या बियाणांच्या दुकानाचं सॉफ्टवेअर सांभाळणारा पोरगाही म्हणतो. त्याच्या खिशातल्या फोनला मात्र बहुधा नवाच पत्ता मिळालेला असतो. जिओ २०१६ साली सुरू झालं तेच आयपीव्ही ६ घेऊन. गूगलच्या मोजणीत भारतातले निम्म्याहून जास्त वापरकर्ते नव्या पत्त्यावरूनच येतात. सर्व्हर जुन्याच पत्त्यावर असेल तर मोबाईल कंपनी मध्ये भाषांतर करते, म्हणून फरक कळत नाही. होस्टिंगवाल्याने सर्व्हरला आयपीव्ही ६ चालू करून दिलं की त्या दिवसापासून डेटाबेसात होणाऱ्या पत्त्यांच्या नोंदी बदलतात.

आणि अडचण येते ती साध्या जागी. जुना पत्ता जास्तीत जास्त १५ अक्षरांचा, म्हणून कित्येक टेबलांत आयपीचा कॉलम पंधराचाच आहे. नव्या पत्त्यातले चार-चार अक्षरांचे तीन गट आणि तीन कोलन मिळून बरोबर पंधरा होतात. मायएसक्यूएल या डेटाबेसची ५.७ च्या आधीची व्हर्जन्स मूळ सेटिंगवर असतील तर पुढचं कापून, फक्त इशारा देऊन, नोंद करून टाकतात. पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस सरळ एरर देतो. मला तो एररच बरा वाटतो, निदान त्याच दिवशी कळतं.

मग कॉलम ४५ अक्षरांचा केला की झालं? पत्ता मावतो, पण शोध चुकतो. पुढची शून्यं गाळून, सलग शून्यांच्या जागी दोन कोलन देऊन, अक्षरं लहान किंवा मोठी ठेवून एकच पत्ता अनेक तऱ्हांनी लिहिता येतो. मजकूर म्हणून तुलना केली तर डेटाबेसला ती वेगवेगळी माणसं वाटतात. एकच लेखनपद्धत सुचवणारा दस्तऐवज २०१० साली निघाला, पण सगळे प्रोग्रॅम ती पाळतात असं नाही. म्हणून पत्ता संख्या म्हणून ठेवावा, १६ बाइटांत. पोस्टग्रेसच्या 'आयनेट' प्रकारात २००३ च्या ७.४ व्हर्जनपासून ही सोय आहे. मायएसक्यूएलमध्ये ५.६ पासून त्यासाठी वेगळं फंक्शन आलं, मारियाडीबीत १०.५ पासून स्वतंत्र डेटाटाइपच आहे.

"आपला डेटाबेस त्याच मशीनवर, बाहेरचा पत्ता त्याला लागतच नाही" हेही अर्धंच खरं. 'लोकलहोस्ट' म्हटलं की कित्येक मशीन आधी नवा पत्ता पुढे करतात, दोन कोलन आणि एक. पोस्टग्रेसच्या परवानगीच्या फाइलमधली ती ओळ कुणी बिनकामाची समजून पुसली, की कालपर्यंत चालणारं बिलिंग आज दारातच अडतं.

पाच वेळा पासवर्ड चुकला की पत्ता अडवायचा, हा नियमही बदलावा लागतो. फोन पत्त्याचा मागचा अर्धा भाग अधूनमधून बदलत राहतो, त्यामुळे पुढच्या ६४ बिटांवर नजर ठेवावी. पंधरा अक्षरांच्या नोंदीत बहुधा ४८ बिटच उरतात, मग एकासाठी शेजारचे सगळेच अडकतात.

कॉलम बदलण्याआधी जुन्या टेबलात लांबी बरोबर पंधरा आणि आत कोलन असलेल्या ओळी मोजून घ्या. त्यांचं उरलेलं शेपूट कुठेच मिळणार नाही.