‘आठेच थांबा’ : वाटाड्या, भीती आणि उदात्त

 

आजचा विषय ऐकायला हलका वाटेल. एका दिवसाची सहल. गेल्या पावसाळ्यात आम्ही अकरा जण वाटाड्या घेऊन पाटणादेवीला गेलो होतो, त्या दिवसाबद्दल मी बोलणार आहे. पण त्या दिवशी वाटेत माझ्या मनात एक प्रश्न उभा राहिला. तो सुटायला मला चाळीस वर्षं लागली असं म्हटलं तरी चालेल. प्रश्न असा : डोंगर, दरी, धबधबा बघताना आपल्याला जे ‘भव्य’ वाटतं, ते नेमकं कुणाच्या जिवावर वाटतं?

आधी सहल सांगतो. पहाटे साडेपाचला असोद्याहून गाडी निघाली. जळगाव, पाचोरा, भडगाव करत चाळीसगाव. आम्ही बहुतेक साठीच्या पुढचे, बरोबर दोन नातवंडं. डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा. चाळीसगावात चहाला थांबलो, तेव्हा मी नातवंडांना केकी मूस यांच्याबद्दल सांगितलं. तुमच्यातल्या पुष्कळांना माहीत असेल, हा मोठा छायाचित्रकार आणि चित्रकार चाळीसगावच्या आपल्या बंगल्यात जवळजवळ पन्नास वर्षं राहिला. १९८९ साली गेला. घराबाहेर तो पडतच नसे म्हटलं तरी चालेल. आणि तरी त्यानं निसर्गदृश्यांचे फोटो काढले! कसे? टेबलावर. घरातल्या साध्या वस्तू मांडायच्या, त्यांवर प्रकाश असा पाडायचा की बघणाऱ्याला ते बाहेरचं खरं दृश्य वाटावं. या प्रकाराला ‘टेबलटॉप फोटोग्राफी’ म्हणतात.

धाकटा नातू म्हणाला, "मग आपण एवढ्या लांब कशाला चाललोय?" प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, "टेबलावरच्या डोंगरावर पाय घसरत नाही, म्हणून." तेव्हा हसण्यावारी नेलं. पण उत्तर तिथेच होतं.

पाटणादेवी म्हणजे चाळीसगावच्या नैर्ऋत्येला, अजिंठा-सातमाळा डोंगररांगेच्या कुशीत. चंडिकादेवीचं जुनं देऊळ, भोवती डोंगरांचा कोट, त्यात गौताळा-औट्रामघाट अभयारण्याचं जंगल. पावसाळ्यात कड्यांवरून धारा लागतात. धवलतीर्थ, केदारकुंड ही नावं तुम्ही ऐकली असतील. वरच्या अंगाला पितळखोऱ्याची बौद्ध लेणी, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासूनची. आमचा बेत असा होता की सकाळी देवीचं दर्शन, मग धबधबा, मग जेवण, आणि ज्यांच्या गुडघ्यांत जोर आहे त्यांनी वर लेण्यांकडे चढायचं.

वाटाड्या पायथ्याच्या गावातला, तिशीतला मुलगा. वडिलांनी याच रानाच्या कडेनं गुरं चारलेली. शिक्षण बारावीपर्यंत. सकाळी आमची ओळख करून घेताना त्यानं दोनच गोष्टी विचारल्या : कोणाला काय आजार आहे, आणि सगळ्यांत हळू कोण चालतं. मी हात वर केला. "मग आप्पा, तुम्ही माझ्या मागे पहिले. बाकीचे तुमच्या मागे." झालं! अकरा जणांचा वेग माझ्या गुडघ्यांवर ठरला.

धबधबा पाहिला. वर्णन करत बसत नाही, कारण तिथे कोणीच बोलत नव्हतं, आणि तोही बोलला नाही. जेवणं झाली. वर जायला निघालो. एक ओहोळ ओलांडायचा होता, पाणी जेमतेम घोट्याएवढं. पलीकडची वाट दिसत होती. डोक्यावर ऊनही पडलं होतं. तो ओहोळापाशी उभा राहिला, पाण्याकडे बघितलं, वर दक्षिणेकडे कन्नडच्या बाजूच्या पठारावर बघितलं आणि मला म्हणाला, "आप्पा, आठेच थांबा." मग सगळ्यांना म्हणाला की आज वर जायचं नाही.

आता बघा, गंमत सुरू झाली. आमच्यातला एक जण म्हणाला, पैसे पूर्ण दिवसाचे दिलेत. दुसरा म्हणाला, पाणी तर घोट्याएवढं आहे. तिसऱ्यानं फोनवर हवामान काढून दाखवलं, त्यात पाऊस नव्हता. मुलगा शांतपणे एवढंच म्हणाला, "पानी सांगीसन येत नही." पाणी सांगून येत नाही. आणि खाली वळला.

मीही वळलो, पण माझे पाय थरथरत होते. कारण मला १९८४ आठवलं.

ही गोष्ट मी वर्गात कधी सांगितली नाही. तेव्हा मी नव्यानं डॉक्टर झालो होतो. विद्यार्थ्यांना घेऊन सातपुड्यातल्या एका दरीत सहलीला गेलो. ठिकाणाचं आणि कॉलेजचं नाव घेत नाही, चूक त्यांची नव्हती, माझी होती. गावात वाटाड्या मिळत होता. मी म्हटलं, वाट तर दिसतेय, कशाला उगाच खर्च? दुपारी नाला ओलांडला. आमच्या डोक्यावर एक थेंब नव्हता. पण वरच्या पठारावर पाऊस झाला होता, आणि सात मुलंमुली पलीकडे असताना मध्ये पाणी आलं. गढूळ, लाकडं घेऊन आलेलं पाणी. तीन तास ती मुलं पलीकडच्या खडकावर बसून होती आणि मी इकडे. शेवटी एका गुराख्यानं त्यांना वरून वळसा घालून आणलं. सगळी सुखरूप परत आली. म्हणून मी आज इथे उभा राहून बोलू शकतो.

त्याच्या आदल्या आठवड्यात मी वर्गात ‘उदात्त’ शिकवलं होतं. एडमंड बर्क, इमॅन्युएल कांट. परतताना गाडीत एक मुलगी म्हणाली, "सर, मला तिथे उदात्त काहीच वाटलं नाही. मला फक्त घर आठवत होतं." माझ्याकडे उत्तर नव्हतं.

खरं म्हणजे उत्तर पुस्तकात होतं. मी ते शिकवलंही होतं, समजलं मात्र नव्हतं. थोडं सोपं करून सांगतो. बर्कनं १७५७ साली मांडलं, की भयंकर गोष्ट अगदी अंगावर आली तर ती फक्त भयंकर असते. थोड्या अंतरावरून मात्र तीच आनंद देऊ शकते. कांटनं १७९० साली आपल्या तिसऱ्या मीमांसेत हे पुढे नेलं. लटकते कडे, गडगडणारे ढग, मोठ्या नदीचा प्रपात यांच्यापुढे आपलं शारीरिक बळ काहीच नाही हे कळतं. आणि त्याच क्षणी आपल्यात असं काहीतरी आहे, जे या बळापुढे वाकत नाही, हेही कळतं. हा दुहेरी अनुभव म्हणजे उदात्त. पण त्याला कांटची एक अट आहे : बघणारा सुरक्षित जागी असला पाहिजे. जीव मुठीत धरलेल्या माणसाला उदात्ताबद्दल निर्णय करता येत नाही. ज्यांना हे मराठीतून नीट वाचायचं आहे त्यांनी रा. भा. पाटणकरांचं ‘कांटची सौंदर्यमीमांसा’ बघावं.

म्हणजे ती मुलगी बरोबर होती. खडकावर बसलेल्या सात जणांना फक्त भीती होती. उदात्ताला लागणारी सुरक्षित जागा मी त्यांना दिली नव्हती.

पण इथे माझी कांटकडे एक तक्रार आहे. ही सुरक्षित जागा आली कुठून? ती जणू आयतीच आहे असं तो धरून चालतो. कांट स्वतः कोनिग्सबर्ग आणि त्याच्या आसपासचा मुलूख सोडून गेला नाही. आल्प्स त्यानं पुस्तकांतून पाहिला, तोही टेबलावरचाच डोंगर म्हणा ना. त्यानं वाचलेल्या लेखकांत जिनिव्हाचा शास्त्रज्ञ सोस्यूर होता. त्याच्या वर्णनातला सॅव्हॉयचा एक शेतकरी कांटनं उद्‌धृत केला आहे. बर्फाच्या डोंगरांचं वेड असलेल्या सगळ्यांना तो शेतकरी सरळ मूर्ख म्हणतो. कांटचं म्हणणं, त्याच्या मनावर संस्कार झालेला नाही, म्हणून त्याला फक्त कष्ट आणि धोका दिसतो. कांट प्रामाणिक आहे, तो पुढे कबूल करतो की कोणी निव्वळ हौसेखातर धोका पत्करत असेल तर शेतकऱ्याचं म्हणणं अगदीच चूक म्हणता येणार नाही.

आता दुसरी बाजू ऐका. हाच सोस्यूर १७८७ साली माँ ब्लाँ शिखरावर चढला. बरोबर वाटाडे किती होते? अठरा! एका विद्वानाच्या पायाखालची जमीन पक्की राहावी म्हणून अठरा डोंगरी माणसं. म्हणजे ज्या लोकांना ‘उदात्त कळत नाही’ असं ग्रंथात लिहिलं गेलं, त्यांच्याच खांद्यावर उदात्ताचा अनुभव उभा होता. मला आजच्या व्याख्यानात हेच सांगायचं आहे. भव्यतेचा अनुभव वाटतो एकट्याचा, पण त्याखालची जमीन दुसऱ्याच्या ज्ञानाची असते.

हे ज्ञान काय असतं? आपला सह्याद्री, सातमाळा, हा काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर. उभे कडे, वर सपाट पठार. पठारावर पडलेला जोरदार पाऊस तिथे फारसा मुरत नाही, तो घळींतून खाली धावतो. त्यामुळे खाली ऊन आणि ओहोळाला लोंढा, हे सहज घडतं. ३१ ऑगस्ट २०२१ आठवा. घाटावर मुसळधार पाऊस झाला, तितूर आणि डोंगरी नद्यांना पूर आला, चाळीसगावात पाणी शिरलं, कन्नड घाटात दरडी कोसळल्या. पायथ्याच्या माणसाला हे वाचावं लागत नाही.

खाली आल्यावर मी त्या मुलाला विचारलं, तू काय बघितलंस? त्यानं सांगितलं : पाण्याचा रंग किंचित बदलला होता, ओला पाचोळा वाहत येत होता, पठारावर एका जागी ढग खाली टेकला होता. पाणी सांगून येत नाही असं तो म्हणाला खरा, पण त्याला ते सांगत होतं! आम्हाला ऐकू येत नव्हतं, एवढंच. असोदा हे बहिणाबाई चौधरींचं माहेर. अक्षर न शिकलेलं माणूस किती बारीक बघू शकतं, हे या गावात मी वेगळं सांगायला नको.

आणि छोटा गट का, तेही यातच आलं. दहा-बारा माणसं असली की वाटाड्याचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत जातो आणि शेवटचा माणूस त्याला दिसतो. पन्नास माणसांत ‘थांबा’ हा शब्द मागे पोचेपर्यंत पुढचे पाण्यात असतात.

आता तुम्ही म्हणाल, मग पूर आला असेल. नाही आला. संध्याकाळपर्यंत ओहोळ घोट्याएवढाच होता. परतीच्या गाडीत चांगलीच कुरकुर झाली, लेणी उगाच हुकली म्हणून. इथे मला वाटतं आपण सगळे एक चूक करतो. निर्णय बरोबर की चूक हे आपण निकालावरून ठरवतो. पूर आला तर वाटाड्या शहाणा, नाही आला तर घाबरट. पण निर्णय तपासायचा तो त्या वेळी काय दिसत होतं त्यावर. १९८४ ला पाणी आलं नसतं, तरी माझी चूक चूकच राहिली असती. आणि या वेळी पाणी आलं नाही, तरी त्या मुलाचं बरोबरच होतं.

याची किंमत १८२० साली माँ ब्लाँवर मोजली गेली. डॉ. हामेल नावाच्या निसर्ग-अभ्यासकाच्या तुकडीबरोबरच्या वाटाड्यांचं पुढे जायला मन नव्हतं, ताजं बर्फ पडलेलं होतं. पाहुण्यांचा आग्रह पडला. बर्फ घसरलं आणि मेले ते तीन वाटाडे. पुढच्याच वर्षी, १८२१ ला, शामोनीच्या वाटाड्यांनी आपली संघटना उभी केली. म्हणजे ‘पैसे दिलेत’ हे वाक्य आपण म्हणतो तेव्हा समोरचा माणूस रोजगार आणि जीव यांच्यामध्ये उभा असतो, एवढं तरी लक्षात ठेवू या.

शेवटी पाटण्याचीच एक गोष्ट. तिथल्या देवळातला तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा एक शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. त्यात असं आहे की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’सारख्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी तिथे मठ स्थापला. विचार करा, ग्रंथ तर लिहून तयार होता. तरी नातवाला वाटलं की शिकवणारा पाहिजे. ग्रंथालाही वाटाड्या लागतो. मग डोंगराला लागला तर त्यात कमीपणा कसला?

एक प्रश्न चिठ्ठीवर आलाय, तो घेतो आणि थांबतो. "सर, एकट्यानं भटकण्यात जे स्वातंत्र्य आहे ते वाटाड्याबरोबर कसं मिळणार?"

चांगला प्रश्न आहे. एकट्यानं जाण्याला माझा विरोध नाही. पण एकटा जाणारा जाणता माणूस म्हणजे ज्याला वाट, पाणी, ढग वाचता येतात तो. त्यानं आपला वाटाड्या स्वतःच्या आत तयार केलेला असतो, आणि तोही कुणाकडून तरी शिकूनच. बाकी आपल्यासारख्यांनी पायथ्याच्या गावात विचारावं, वनखात्याच्या नाक्यावर नोंद करावी, आणि तो थांब म्हणाला की थांबावं. मी त्या दिवशी ओहोळाच्या अलीकडे दगडावर बसलो आणि समोरचा कडा अर्धा तास बघितला. चौऱ्याहत्तराव्या वर्षी, पहिल्यांदाच, दुसरीकडे कुठेही लक्ष न ठेवता. कारण लक्ष ठेवणारा माझ्या शेजारी उभा होता.

इथे थांबतो.