कोळशाच्या आगीतील वायू मोजतात कसे?

धनबाद : झारखंडमधील झरिया कोळसा क्षेत्रातील आगीची पहिली नोंद १९१६ मधली. शतक उलटले तरी तेथील जमिनीखालचा कोळसा धुमसतोच आहे. ही आग हवेत नेमके किती वायू सोडते, याचे उत्तर मात्र सोपे नाही. कारखान्याच्या धुराड्याला एकच तोंड असते; येथे असंख्य भेगांतून धूर निघतो आणि जमीन खचली की नव्या भेगा पडतात.

नमुना घेण्याची रीत दिसायला साधी आहे. उष्णता सोसणारी पोलादी नळी भेगेत खोलवर सारून छोट्या पंपाने वायू खास पिशवीत ओढतात किंवा निर्वात डब्यात भरून घेतात. नळी वरवर राहिली तर बाहेरची हवा मिसळते. त्याहून त्रासदायक म्हणजे पाण्याची वाफ. ती नळीतच थिजली, की सल्फर डायऑक्साइड त्या पाण्यात विरघळतो आणि प्रयोगशाळेत प्रत्यक्षापेक्षा कमी भरतो. कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, मिथेन, बेन्झीन यांचे पृथक्करण गॅस क्रोमॅटोग्राफवर होते. पाऱ्याची वाफ सोन्याचा मुलामा दिलेल्या वाळूत अडकवतात. सोने पाऱ्याला धरून ठेवते, हे सोनारांना नवे नाही.

वायूचे प्रमाण कळले, तरी एकूण उत्सर्जन कळत नाही. त्यासाठी वायूचा वेग आणि भेगेचे क्षेत्रफळ यांनी त्या प्रमाणाला गुणावे लागते. वेग पिटोट नळीने मोजतात. जेथे भेग दिसतच नाही, तेथे घमेले पालथे घालावे तसा बंद कक्ष जमिनीवर ठेवून त्यात वायू किती झपाट्याने साचतो, ते पाहतात. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने केंटकी आणि वायोमिंगमधील आगींचे उत्सर्जन असे जागेवर जाऊन मोजले आहे.

उपग्रहाची औष्णिक छायाचित्रे विस्तीर्ण क्षेत्र एका दमात टिपतात. ती शक्यतो रात्रीची घेतात, कारण दिवसा खडक उन्हानेही तापलेला असतो. या उष्णतेवरून जळालेल्या कोळशाचा अंदाज बांधता येतो. पण खोलवरच्या आगीची धग वर फारशी पोहोचत नाही आणि आकडा कमी येतो.

केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये झरियासाठी सुमारे ५,९४० कोटी रुपयांचा सुधारित बृहत् आराखडा मंजूर केला. बाधित कुटुंबांचे पुनर्वसन हा त्याचा मुख्य भाग आहे. आगीचे क्षेत्र किती आटले, हे उपग्रहावरून समजेल. रंग नाही, वास नाही असा कार्बन मोनॉक्साइड भेगांलगतच्या घरांत किती शिरतो, हे मोजायला मात्र उपकरण त्या घरांतच न्यावे लागते.