४० केबीचा मारिओ आपल्याला झोपू द्यायचा, आजचा गेम का देत नाही?

मागच्या दिवाळीत आत्याचा मुलगा लातूरहून आमच्याकडे नांदेडला आला होता. तिथे तो नीटची तयारी करतो. रात्री पावणेबाराला बघतो तर पांघरुणात मोबाइलचा उजेड.

"काय करायलास रे?"

"खेळत नाही दादा. बाराच्या आत नुसतं लॉगिन करायचंय. सहा दिवसांचे रिवॉर्ड झालेत, आज चुकलं तर सगळं पहिल्यापासून."

खेळायची इच्छा नाही, तरी गेम उघडायचाच! मला आमचा टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आठवला. २००६-०७ च्या आसपासची गोष्ट. तेव्हा लोडशेडिंग जोरात होतं. लाईट गेली की मारिओ गेला. सेव्ह वगैरे काही नाही, परत पहिल्या लेव्हलपासून. पण त्याची भीती कधी वाटली नाही. लाईट गेली की आम्ही गल्लीत क्रिकेट खेळायला मोकळे.

मग या दोन गेममध्ये नेमका फरक काय?

४० केबीत काय मावतं?

१९८५ साली आलेला अख्खा 'सुपर मारिओ ब्रदर्स' ४० केबीचा आहे. व्हॉट्सॲपवर येणारा गुड मॉर्निंगचा एक फोटोसुद्धा बहुतेक वेळा याहून मोठा असतो. जागा वाचवायला बनवणाऱ्यांनी भारी जुगाड केले. नीट बघा, मारिओमधला ढग आणि जमिनीवरचं झुडूप हे एकच चित्र आहे, फक्त रंग वेगळा. खेळ सेव्ह करायचा तर कॅसेटमध्ये वेगळी मेमरी आणि बॅटरी टाकावी लागायची, म्हणजे खर्च वाढला. म्हणून गेम छोटा, पण अवघड.

आणि आपली ती '९९९९ इन १' कॅसेट? त्यात खरे गेम मोजकेच असायचे. तोच गेम वेगळ्या लेव्हलपासून सुरू केला की त्याला नवा नंबर!

बदकं मारायची बंदूक

ही बंदूक टीव्हीवर काहीच सोडत नव्हती, उलट टीव्हीचा उजेड बंदुकीत जात होता. ट्रिगर दाबला की क्षणभर स्क्रीन काळी व्हायची आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा. नळीतल्या सेन्सरला आधी अंधार आणि मग उजेड दिसला की बदक पडलं. हे सगळं जुन्या डबा टीव्हीच्या वेगावर बेतलेलं होतं. एलईडी टीव्ही चित्र दाखवायला किंचित उशीर करतो, म्हणून ती बंदूक आज चालत नाही. आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. आम्ही नळी सरळ काचेला टेकवायचो आणि एकमेकांना चीटर म्हणायचो.

आजचा गेम संपत का नाही?

कारण पैसा यायची वाट बदलली. कॅसेट एकदा विकली की विषय संपला. तुम्ही दहा मिनिटं खेळा नाहीतर दहा तास, बनवणाऱ्याला त्याचे जादा पैसे मिळत नव्हते. आजचा गेम फुकट डाउनलोड होतो. कमाई होते ती नंतर, जाहिरातींतून, स्किनमधून, दर सीझनच्या पासमधून. त्यासाठी तुम्ही रोज परत यायला हवं. म्हणून कंपन्या मोजतात की आज इन्स्टॉल केलेल्यांपैकी उद्या किती आले, सातव्या दिवशी किती आले. याला 'रिटेन्शन' म्हणतात. सात दिवसांचा रिवॉर्ड त्यासाठीच असतो. मिळाल्याच्या आनंदापेक्षा हातचं गेल्याचं दुःख माणसाला जास्त लागतं, याचा तो वापर आहे.

हे मी बाहेरून सांगत नाही. पहिल्या नोकरीत एका ॲपसाठी मीच असा कोड लिहिलाय. तीन दिवस ॲप उघडलं नाही की 'तुमची आठवण येतेय' असं नोटिफिकेशन जायचं. जेमतेम दहा ओळी. आठवण कुणालाच येत नव्हती, सर्व्हरवर फक्त दोन तारखांची वजाबाकी होत होती.

जुने लोक साधुसंत होते असंही नाही. गेम पार्लरमधली मशीनसुद्धा पुढचं नाणं टाकायला लावण्यासाठीच अवघड केलेली असायची. पण खिशातली नाणी संपली की आपण घरी जायचो. आणि आजचे सगळे गेम वाईट असंही नाही. कॉलेजच्या मित्रांसोबत मी अजून बीजीएमआय खेळतो. फक्त स्वतःला एक प्रश्न विचारा: मला खेळायचंय म्हणून गेम उघडतोय, की काहीतरी बुडेल म्हणून?

उत्तर दुसरं असेल तर फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन त्या गेमची नोटिफिकेशन्स बंद करा. आणि एक दिवस मुद्दाम रिवॉर्ड चुकवून बघा. दुसऱ्या दिवशी त्याची आठवण किती येते, ते तुमचं तुम्हालाच कळेल.

भावाने त्या रात्री लॉगिन केलंच. सकाळी मी त्याचा फोन घेतला, एअरप्लेन मोड लावला आणि क्रोम उघडलं. नेट नसलं की येतो तो डायनासोर, २०१४ पासून तिथेच आहे. त्याला बोट लावलं की पळायला लागतो. आळीपाळीने खेळलो. ७०० च्या पुढे स्क्रीन काळी झाली तसा तो दचकला आणि निवडुंगावर आपटला. दोघंही खूप हसलो. आत्याने चहाला हाक मारली, तेव्हा फोन तिथेच ठेवून तो उठला.