पालघाटच्या अल्याड-पल्याडचे शोलाकिली

निलगिरी शोलाकिली आणि पांढऱ्या पोटाचा शोलाकिली हे दक्षिण सह्याद्रीतले जवळच्या नात्यातले दोन पक्षी. दोघेही चिमणीएवढे, पाठ-छाती निळसर राखाडी, पोट मधोमध पांढरे. फरक पाहायचा तो कुशीत. निलगिरीवाल्याची कूस तांबूस, दुसऱ्याची निळसर राखाडीच. शोला म्हणजे डोंगरघळींतले ठेंगणे सदाहरित जंगल. तिथल्या काळोखात एवढेही धड दिसत नाही. त्यातून हे पाखरू जमिनीलगत वावरणारे, उघड्यावर यायला नाखूश.

म्हणून बरेचसे काम जाळ्यावर चालते. पहाटे झुडपांमध्ये बारीक काळ्या धाग्याचे जाळे ताणतात आणि घडीघडीला फेरी मारतात, कारण अडकलेला पक्षी गारठ्यात लवकर गळाठतो. सोडवलेल्या पाखराची मान दोन बोटांमध्ये, पाठ तळहाताला टेकलेली. पंख आणि पायाची नळी मोजायची, वजन करायचे, पायात कडी चढवायची, पंखाखालच्या शिरेतून रक्ताचा थेंब घ्यायचा आणि लगेच सोडून द्यायचे. नर-मादी सारखेच दिसतात; त्यांचा निवाडाही रक्तच करते.

दोघांना पुष्कळ काळ एकाच जातीत कोंबले होते. 2005 मध्ये रासमुसेन आणि अँडरटन यांनी त्यांना वेगळे मानले. व्ही. व्ही. रॉबिन आणि सहकाऱ्यांच्या 2010 च्या जनुकीय अभ्यासातून ही फारकत फार जुनी असल्याचे दिसले, आणि 2017 मध्ये त्यांच्यासाठी शोलिकोला ही नवी प्रजाती मांडली गेली. फारकतीचे कारण पालघाटची खिंड: तीसेक किलोमीटर रुंद आणि सखल. उंचावरच्या गार जंगलातला पक्षी ती ओलांडत नाही. निलगिरी शोलाकिली उत्तरेला, पार बाबाबुडनपर्यंत. दुसरा दक्षिणेला, आनैमलै-पळणीत.

पाण्याला ही खिंड आडवी येत नाही. निलगिरीतून भवानी आणि आनैमलैकडून अमरावती कावेरीला मिळतात, आणि ती कुंभकोणमजवळच्या स्वामीमलैला पोहोचते. तिथले स्थपती मेणाच्या मूर्तीवर तिचीच गाळमाती लिंपून पंचधातू ओततात.

चहाचे मळे, निलगिरीची झाडे आणि वॅटल यांच्या लागवडीने शोलाचे तुकडे झाले. आंतरराष्ट्रीय यादीत निलगिरी शोलाकिली ‘संकटग्रस्त’, तर दुसरा एक पायरी खाली, ‘असुरक्षित’. आनैमलैत पाखरे कितीही वाढली, तरी उटीजवळचा रिकामा शोला त्यांनी भरणार नाही. दोघांची मोजदाद वेगवेगळीच करावी लागते.